राष्ट्रपतीसाठी आलेला मतदार

चौऱ्याहत्तर साली राष्ट्रपतीच्या निवडणुकीच्या दिवशी इस्लामपूरच्या कचेरीबाहेर मला एक म्हातारा दिसला. धुतलेला फेटा बांधून तो मत द्यायला आला होता. शाईसाठी डाव्या हाताचं बोट धोतराला पुसत होता.

"बाबा, तुलाच राष्ट्रपती व्हायचंय का काय?" फाटकावरचा शिपाई हसत होता.

म्हातारा माझ्याकडे वळला. "आवं मास्तर, पोरगं एकाहत्तरच्या लढाईत गेलं माझं. फौजेचा धनी कोण व्हावा, त्ये मी न्हाई तर कुणी सांगायचं?"

मी त्याला बाजूला घेऊन समजावलं. राष्ट्रपतीला मतं आमदार-खासदार देतात. आमदाराच्या मताचं वजन राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं आणि ती एकाहत्तरच्या शिरगणतीची धरतात.

त्याचं बोट थांबलं.

"शिरगणती लढाईच्या आदी झाली. पोरगं तवा रजेवर घरीच हुतं. म्हंजी त्येचं डोकं अजून धरलंय?"

"धरलंय."



"मग त्येच्या वाटचं मत आमदारानं कुणाला दिलं, तेवढं तरी इचारून सांगा."

ते मतदान गुप्त असतं. एवढं मात्र मला त्याला सांगता आलं नाही.