न आठवणारी दोन वर्षं

या गोष्टीला महिना होत आला. त्या सकाळी मी शाहपुऱ्यातलं माझं चष्म्याचं दुकान नुकतंच उघडलं होतं, तेवढ्यात आईचा फोन आला. "अरे, बाबा उठत नाहीयेत..." मी घरी पोहोचलो तेव्हा बाबा झोपेतच गेले होते. चेहरा नेहमीसारखाच, आत्ता कुणीतरी गंमत सांगेल याची वाट बघणारा.

माझे बाबा, विनायकराव, नागपूरहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले. आम्ही बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पंधराव्या वर्षी मी मित्रांबरोबर गांजा ओढायला लागलो, मग खोकल्याचं औषध, मग गोळ्या. पुढची दोन वर्षं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. वर्गात पहिल्या पाचात येणारा मी सकाळी वाचलेलं दुपारी विसरायचो, साध्या बोलण्यावर ताट भिरकावायचो. शेवटी बाबांनी मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात मेंदू अजून घडत असतो. स्वतःला आवरणारा भाग तर सगळ्यात शेवटी तयार होतो. नशा त्यालाच धक्का देते. राग, विसराळूपणा, कशातच मन न लागणं... यात तिचा मोठा हात आहे. पण वय लहान आहे, सावरायलाही वाव आहे."

"म्हणजे हा मुद्दाम करत नाही?" बाबांनी विचारलं.

"सगळंच मुद्दाम नाही."

बाहेर आल्यावर बाबांनी मला तिखटमीठ लावलेला पेरू घेऊन दिला. फार दिवसांनी ते हसताना दिसले.

उपचार सुरू झाले. मी दोनदा घसरलो, दोन्ही वेळा बाबाच मला परत घेऊन गेले. रोज संध्याकाळी ते मला पेपरातल्या चार ओळी वाचायला लावायचे. "काय वाचलंस?" "विसरलो." "बरं, मीही विसरलो. पुन्हा वाचू." चार ओळींचं पान व्हायला वर्ष लागलं, बी.ए. व्हायला सहा. नावं आजही माझ्या डोक्यात टिकत नाहीत, पण बाबांनी कधी त्याचं हसं केलं नाही की त्या दोन वर्षांचा विषय काढला नाही.

तेराव्यानंतर त्यांचे कारखान्यातले जुने दोस्त तिवारीकाका भेटायला आले. बाबांबद्दल बोलता बोलता म्हणाले, "उस साल स्कूटर से गिरा, कलाई टूटी, फिर भी तीसरे दिन ड्यूटी पर हाज़िर!" बाबांचं मनगट जरा वाकडं होतं हे मला ठाऊक होतं. स्कूटरचं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. काका गेल्यावर मी आईला विचारलं.

"तू ढकललं होतंस रे... गोळ्या काढून घेत होते म्हणून. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. आता ते नाहीत, म्हणून सांगतेय."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळीच मी काकांचं घर गाठलं. उभ्यानंच म्हणालो, "चाचा, वो स्कूटर से नहीं गिरे थे. मैंने..."

काकांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"मालूम है, बेटा," ते म्हणाले. "उस दिन उसकी स्कूटर हमारे यहाँ खड़ी थी."