टेबल फॅनमागचा ऑर्गन

"थांब! आता येतंय बघ."

एवढं म्हणून मास्तर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. मग गिऱ्हाईक घाईत असो, दुकानात कुत्रं शिरलेलं असो की दारात साहेबाची गाडी उभी असो, ते बोट खाली येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. टेपवर ते गाणं लागलेलं असायचं. एक जुनं विलायती गाणं. त्यात आधी नुसता ठेका आणि खर्जातली गिटार अशी दोन आवर्तनं जातात, आणि तिसऱ्याला ऑर्गन येतो. मास्तरांचं बोट त्या ऑर्गनच्या स्वागताला वर गेलेलं असायचं.

आमची ओळख या बोटामुळेच झाली आणि ती मला एका शर्टाला पडली. मी तेव्हा जव्हारच्या एका कचेरीत कारकून म्हणून नवा लागलो होतो. मास्तरांची बाजारात लॉन्ड्री होती. कोळशाची इस्त्री माझ्या निळ्या शर्टावर फिरत होती, तेवढ्यात बोट वर गेलं. इस्त्री जिथं होती तिथंच राहिली. आधी ऑर्गन आला, मग वास आला.

मी ओरडलो. मास्तरांनी शांतपणे इस्त्री उचलली, पाठीवरचा तपकिरी त्रिकोण पाहिला आणि मला विचारलं, "पण ऐकलंस ना?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? मी भांडलोच, चांगला दहा माणसं जमेपर्यंत भांडलो. त्यावर ते म्हणाले, "ओरडतोस ठेक्यात. काही वाजवतोस का?" पुढच्या रविवारी मी त्यांच्या बेंजो पार्टीत ठेक्याचं पॅड वाजवत होतो.

लॉन्ड्री पोटासाठी होती, पार्टी जिवासाठी. बेंजोवर गणपत. तो दाभोशाकडचा. भाताची आवणी संपली की गवंड्याच्या हाताखाली ठाण्याला जायचा आणि लग्नसराईला हमखास परत यायचा. पॅडवर मी आणि कीबोर्डवर मास्तर. आमच्या भागातल्या वराती तुम्ही पाहिल्या असतील. टेम्पोवर जनरेटर, कर्णे, मागे नाचणारे, आणि सगळ्यात मागे चपला हातात घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या. त्यात आमच्या टेम्पोवर एक वस्तू जास्तीची असायची. टेबल फॅन.

लोकांना वाटायचं, मास्तरांना फार उकडतं. नवऱ्याकडचा कुणीतरी हमखास सरबताचा पेला घेऊन यायचा. पण फॅनचं तोंड मास्तरांकडे नसायचंच, ते असायचं स्पीकरकडे. त्या गाण्यातल्या ऑर्गनच्या सुरात एक थरथर आहे. ती कीबोर्डचं कुठलंही बटण दाबून येईना. एकदा दुकानात टेपसमोर पंखा लागला असताना मास्तरांना उमगलं, की पात्यांमधून गेलेला आवाज थरथरतो. झालं. त्या दिवसापासून दुकानातला पंखा पार्टीत भरती झाला आणि गिऱ्हाइकं घामाघूम होऊ लागली.

हे वेड त्यांना मुंबईत लागलं होतं. तरुणपणी ते एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत होते. वाजवणाऱ्यांचे पांढरे कोट इस्त्री करून पोचवायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून तालीम ऐकायची. ऑर्गनवरच्या गोव्याच्या म्हाताऱ्यानं एकदा त्यांना जवळ बोलावून एक पट्टी दाबायला लावली. "दबाके रख," तो म्हणाला, "उंगली मत उठा. जब तक तू है, सूर है." मास्तर हे सांगताना अजूनही बोट टेबलावर दाबून धरायचे. पेटीचा भाता थकतो, तारेचा सूर विरतो, ऑर्गन मात्र तुम्ही बोट उचलेपर्यंत तिथंच उभा राहतो, हे त्यांना जगातलं मोठं नवल वाटायचं. खरं सांगायचं तर पुढे मलाही वाटू लागलं.

शब्द आम्हाला कुणालाच कळले नाहीत. गणपतचं म्हणणं, ते गाणं रुसलेल्या बायकोला माहेराहून आणायचं आहे. मला वाटायचं, माणूस परदेशी निघालाय. मास्तर म्हणायचे, "गाणारा काय म्हणतो ते सोडा. तो म्हणतोय तेव्हा ऑर्गन खाली काय करतो ते ऐका. काही करत नाही! नुसता धरून ठेवतो. काही न करणं किती अवघड असतं, तुला पॅडवर कळायचं नाही."

असे टोमणे मी बरेच खाल्ले.

एक अडचण मात्र होती, आणि तिनं मास्तरांना आयुष्यभर छळलं. त्या गाण्याला शेवट नव्हता. टेपवर ते वाजत वाजत बारीक होत जातं आणि विरून जातं. ऐकायला सुंदर, पण वाजवणाऱ्यानं करायचं काय? कुठेतरी थांबायला तर हवं. मी म्हणायचो, शेवटी तीन ठोके देऊ आणि मोकळे होऊ. मास्तरांच्या कपाळाला आठी पडायची.

"अरे, ते लोक थांबलेले नाहीत. ते अजून वाजवतायत. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. त्यांच्या तोंडावर तू दार आपटणार?"

हे गाणं एकदा तरी लोकांसमोर सुरुवातीपासून शेवटापर्यंत, जसं आहे तसं संपवायचं, ही त्यांची एकच हौस होती.

पहिला प्रयत्न गणपतच्या पुतण्याच्या वरातीत झाला. दाभोशाच्या अलीकडे रस्ता जरा सपाट लागला, तेव्हा मास्तरांनी फॅन सुरू केला आणि आम्हाला खूण केली. ऑर्गनचा लांब, न तुटणारा सूर निघाला आणि नाचणाऱ्यांचे पाय एकदम बदलले. उड्या थांबल्या. बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले, पुरुष त्यांना जोडले गेले आणि बघता बघता रस्त्यावर मोठा गोल फिरायला लागला. तारप्याचा नाच! आमच्याकडे भात पिकल्यावर वाजणाऱ्या, भोपळ्याच्या तारप्याचा सूर असाच अखंड असतो, वाजवणारा तो श्वासानंही तुटू देत नाही. पायांनी सूर ओळखला होता. पण वरात पुढे जायची असते आणि गोल जागच्या जागी फिरतो. टेम्पो अडला, नवरा गोलात सामील झाला, आणि नवरीकडची माणसं वाट पाहून पाहून शेवटी स्वतःच नवरा शोधत आली.

गोलाच्या कडेला एक म्हातारे तारपावाले उभे होते. ते टेम्पोपाशी येऊन कीबोर्डखाली वाकून बघू लागले.

"ह्यो त तारपाच हाय," ते म्हणाले. "पन भात नाय, काय नाय, आन् उन्हाळ्यात तारपा कसा काय काढला?"

मास्तर टेम्पोवरून उतरले, त्यांना नमस्कार केला आणि नवरीकडच्यांच्या शिव्या चालू असतानाच विचारलं, "बाबा, तुमचा नाच संपतो कसा?"

"संपंल कशाला? नाचनारं दमलं का जातात घरा. आमी वाजवत वाजवतच निंगतो."

परतीच्या वाटेवर मास्तर आमच्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, शिव्या लागल्या असतील. पण ते मधूनच हसत होते.

दुसरा प्रयत्न नवरात्रात, आमच्या गल्लीच्या मंडपात. या वेळी बेत पक्का होता. शेवटी आम्ही वाजवत राहायचं आणि गणपतनं एका हातानं मिक्सरचं बटण हळूहळू खाली आणायचं. गाणं मस्त रंगलं. लोक गप्प बसून ऐकत होते. बटण खाली येऊ लागलं, आवाज बारीक झाला, मास्तरांनी डोळे मिटले. आणि मागून आरोळी आली, "आवाज! आवाज!"

साउंडवाला चहा पीत होता. त्याला वाटलं, मशीन बसलं. बिचारा धावत आला आणि बटण होतं नव्हतं तेवढं वर सरकवलं. मंडपाच्या कनाती हलल्या. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल किंचाळलं, आणि मी घाबरून तीन ठोके देऊन मोकळा झालो. टाळ्या कडाडल्या. लोकांना तोच शेवट वाटला, आणि फार आवडला!

मास्तरांनी त्यानंतर आठवडाभर माझ्या पँटींना दुहेरी घडी पाडली. कचेरीत सगळे विचारायचे, ही कुठली फॅशन.

असं हसतखेळत चाललं होतं. मग एक दिवस मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दुकानात गाणं लागलं होतं, टेप जाऊन आता मोबाईल आला होता. ऑर्गन आला. आणि त्यानंतर मास्तरांचं बोट वर गेलं. "थांब, आता येतंय बघ."

मी गणपतकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. पुढच्या खेपेला बोट आणखी उशिरा गेलं. त्यांना काय सांगणार होतो? जो येऊन बसलाय त्याच्या स्वागताला तुम्ही आता निघालात, असं?

त्यांचं त्यांनाच कळलं होतं. एका सकाळी मला दुकानात बसवून कीबोर्ड माझ्यासमोर ठेवला. "पॅड खूप बडवलंस. आता जरा काही करू नकोस," म्हणाले. उन्हाळाभर ते मला शिकवत होते. ऐकू कमी येत होतं, म्हणून माझ्या बोटांकडे बघत असायचे. बोट जरा लवकर उचललं की मनगटावर चापटी. ती मात्र वेळेवर पडायची.

त्यांची मुलगी नाशिकला असते. तिनं डॉक्टर, यंत्र, सगळं करून पाहिलं आणि शेवटी म्हणाली, "अप्पा, आता एकटं नाही ठेवायची मी तुम्हाला." लॉन्ड्री बंद झाली. मास्तर निघायला तयार होते, पण मला म्हणाले, "त्या गाण्याचं राहिलंच रे."

ते निघाले त्या सकाळी आम्ही जव्हारच्या स्टँडवर गेलो. चहाच्या टपरीतून वायर घेतली, स्पीकर लावला, समोर फॅन ठेवला. नाशिकच्या गाडीत मागच्या खिडकीला मास्तर, शेजारी मुलगी. गणपतनं बेंजोवर खालच्या तारा धरल्या. पहिलं आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला मी पट्टी दाबली नाही. खिडकीकडे बघत राहिलो. गणपतनं मला डोळ्यांनी शिव्या घातल्या आणि आणखी एक आवर्तन घेतलं.

मास्तर माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांचं बोट वर गेलं. मी पट्टी दाबली.

स्टँडवरच्या पाटीवाल्या बायका वळून बघायला लागल्या. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला घातलेला हात तसाच ठेवला आणि डोक्यानं ठेका धरला. पण गाडी ती गाडी. घंटी झाली. मी थांबणार, तेवढ्यात खिडकीतून मास्तरांनी हाताची पाची बोटं खाली दाबली. बोट उचलू नको! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी हलली, फाटकाबाहेर पडली, मोखाड्याच्या रस्त्याला लागली, आणि आम्ही वाजवत राहिलो. गाडी दिसेनाशी झाली तरी वाजवत राहिलो. शेवटी आम्ही वाट अडवली म्हणून डहाणूच्या गाडीनं हॉर्न मारला, तेव्हा थांबलो.

पंखा टपरीत ठेवून आम्ही चहा घेतला, दुसरा घेतला, घरी जायचं कुणी नाव काढेना. गाडी मोखाड्याला टेकली असेल नसेल, तेवढ्यात फोन आला. मास्तर फोनवर हल्ली ओरडतच बोलतात.

"संपलं रे! बारीक बारीक होत गेलं. अगदी टेपवरच्यासारखं!"

त्यांना कुठवर ऐकू आलं असेल, मला माहीत होतं. फाटकापर्यंतही नाही.

"तुम्ही थांबला नाहीत ना?"

मी गणपतकडे पाहिलं. तो बेंजो पुन्हा पिशवीतून बाहेर काढत होता. टपरीतली सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं मी ओरडलो, "नाही, मास्तर!"