ओल्या वाळूतलं माप

बाबल मेस्त्री गेल्याचं मला कणकवलीच्या एसटी स्टँडवर कळलं. त्याच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मालवणची गाडी समोर उभी होती, तरी मी चढलो नाही. त्याच्या घरी कुठल्या तोंडाने जायचं, हेच कळेना. शेवटी बाराव्यालाच गेलो.

बाबल सुतारकाम करायचा, माझा शाळेपासूनचा मित्र. जत्रेत लहान मुलांसाठी लाकडी मोटारींचं चक्र लावायचा. मोटारी लाकडी फळीवर ठोकलेल्या आणि फळी हाताने ढकलायची. स्टिअरिंग नुसतं शोभेचं. पुढे त्याने ते फिरतं केलं, पण मोटार वळेना म्हणून खट्टू झाला. मी म्हणालो, अरे, चार वर्षांच्या पोरांना काय कळतंय!

"पोरांका फशिवलेला कळता रे," तो म्हणाला.

दोन हजार सालाच्या सुमारास मालवणात पर्यटकांसाठी बाग झाली आणि मी तिचा व्यवस्थापक झालो. तिथल्या मोटारी बाबलनेच केल्या, फणसाच्या लाकडाच्या. मधल्या लोखंडी पट्टीला धरून चालायच्या, पण स्टिअरिंग फिरवलं की वीतभर डावी-उजवीकडे खरोखर सरकायच्या. त्या वीतभर मोकळीकीसाठी त्याने दोन पावसाळे घालवले. बसायच्या जागेचं माप घ्यायची त्याची रीतही त्याचीच... किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या पोरांना ओल्या वाळूत बसवायचा आणि उठली की पडलेला खळगा मोजायचा.

तिथेच चुकलं. आमची पोरं काटकुळी. पहिल्याच सुट्टीत घाटावरचा एक गुटगुटीत मुलगा मोटारीत अडकला, आईबापांनी बाग डोक्यावर घेतली. तिकिटाच्या खिडकीतून बाहेरगावची मुलं मी रोज बघत होतो, पण बाबलला सांगायचं मला सुचलं नाही. बागेच्या मालकाचं सगळं पी हळद आणि हो गोरी. त्याने कोल्हापुरातून फायबरच्या मोटारी मागवायला सांगितल्या आणि कागदावर सही मी केली.

बाबलला सांगायलाही मीच गेलो. तो रागावला नाही. "म्हयनोभर थांब," एवढंच म्हणाला, "मी जागा रुंद करून देतंय." महिनाभर थांबता आलं असतं. मालकाशी भांडायला हवं होतं, पण मला नोकरी प्यारी होती. उशीर झाला, असं सांगून मी उठलो. फायबरच्या मोटारींचं स्टिअरिंग घट्ट बसवलेलं होतं. त्यानंतर बाबलने रंधा हातात धरला नाही. आठ वर्षं नुसता पडवीत बसून असायचा.

बाराव्याला वहिनींनी मला त्या पडवीत नेलं. बागेतून परत आलेल्या सहाही लाकडी मोटारी एकावर एक रचलेल्या होत्या.

"भावोजी, एक तरी घेवन जावा. माका आता बघवनत नाय."

फ्लॅटमध्ये जागा नाही, असं मी सांगितलं. खोटं होतं ते. गॅलरी रिकामीच आहे. पण ती मोटार रोज समोर ठेवून जगायची माझी छाती नव्हती.

घरी आल्यावर चैन पडेना. महिन्याने टेम्पो ठरवून पुन्हा गेलो, सगळ्याच आणायच्या म्हणून. पडवी रिकामी, झाडून लख्ख केलेली होती. न्हाणीच्या चुलीकडून फणसाचं लाकूड आणि रंग जळल्याचा वास येत होता. प्रवासातून आलात म्हणून वहिनींनी बादलीत कढत पाणी काढून दिलं... त्या पाण्याने मी पाय धुतले.