उज्जैनची ओली सडक

उज्जैन स्टेशनवर उतरलो तेव्हा आभाळ मळकट होतं. लष्कराच्या मोडीतली फटफटी घेऊन आतेभाऊ न्यायला आला होता. तो सरकारी मोटारखान्यात मेकॅनिक.

"बस पटकन! परवा रेस आहे, मीही उतरतोय. तुला तेच दाखवायला बोलावलंय."

मी पुण्यात अपघातांवर पत्रकं छापून वाटतो; आत्याला मात्र वाटत होतं, मी देवदर्शनाला आलोय. तिच्या समाधानासाठी राम घाटावर एक बुडी मारली. दुसऱ्या दिवशी टावर चौकात पोहे-जिलेबी खाऊन भावाबरोबर सडक बघायला गेलो.

फ्रीगंजच्या पुढे पाव मैलाची सरळ कच्ची सडक. दोन-दोन फटफट्या सुटणार. आधी पोहोचेल तो जिंकला. मी टाचेने उकरून पाहिलं. बोटभर मुरूम, खाली माळव्याची काळी माती. रोलर फिरलेलाच नाही. शर्यत संपते तिथून पन्नास पावलांवर सडकेखालच्या मोरीचा दगडी कठडा. धडक झेलायला कडब्याच्या पेंढ्या होत्या, पण सगळ्या पाहुण्यांच्या मंचापुढे रचलेल्या. पाहुणे म्हणून भावाच्याच खात्याचे मोठे साहेब येणार होते ना!

शर्यतीच्या सकाळी भिश्ती (पखालवाला) सडकेवर पाणी मारू लागला. बडा माणूस यायचा म्हटलं की इथे धूळ बसवतात, जुना रिवाज आहे. म्हातारा माझ्याकडे बघून पुटपुटला, "बाबूजी, इस मिट्टी पे पानी मतलब साबुन. पर हुकुम है."

मी तडक शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या चिटणिसांना गाठलं. मराठीच गृहस्थ.

"दोन तास थांबा. सडक वाळू द्या."

"साहेब अकराला परत निघणार. त्यांच्या कोटावर धूळ उडवू? तुम्ही पुण्याची माणसं, आल्या आल्या भाषण!"

"मग पेंढ्या तरी मोरीपाशी हलवा."

"मंच उघडा दिसेल हो."

भावाला म्हटलं, नाव मागे घे. तो हसला. "फिकर नको करूस यार, रोज इथेच चालवतो."

"ओल्यावर?"

"आता हटलो तर सगळे म्हणतील, मेकॅनिकबाबू डर गए."

तो जिंकला. टाळ्या पडल्या, त्याने ब्रेक दाबला, मागचं चाक आडवं फिरलं आणि गाडी त्याच्यासकट सरळ कठड्यावर गेली. मंचापुढची एक पेंढीसुद्धा हलली नाही.

डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

इस्पितळात चिटणीस हार घेऊन आले. "धुळीनेच घात केला बघा. पुढच्या वर्षी दुप्पट पाणी मारू." मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

परतताना स्टेशनवर आत्या आली होती. मी सगळं छापणार, हे तिला ठाऊक होतं.

"लिही बाबा. पण त्याचं नाव घालू नकोस. राज्यांची फेररचना चाललीय, हे राज्य मोडून नवं होतंय, कोण सरकारी नोकरीत राहील त्याच्या याद्या बनताहेत. लंगडा मेकॅनिक ठेवतील की नाही, कुणास ठाऊक. त्यात साहेबांविरुद्ध बोलला असं दिसलं तर संपलंच."

मी शब्द दिला. गाडी सुटली.

वाचकहो, आजवर माझ्या प्रत्येक पत्रकात जखमी माणसाचं नाव ठळक छापलं. या मजकुरात ते नाही, आणि त्याची मला लाज वाटते. चिटणीस उजळ माथ्याने पुढच्या शर्यतीची तयारी करताहेत. पाय गेला तो माझ्या भावाचा, आणि लपून राहायचं तेही त्यानेच.