सिग्ने लोकेनची तीन नंबरची गाडी

नोरडालच्या शाळेच्या तीन नंबरच्या गाडीवर सिग्ने लोकेन बसली ती तात्पुरती. १९४५चा सप्टेंबर होता. आधीचा ड्रायव्हर लढाईवरून परत येईपर्यंतच तिनं गाडी चालवायची होती. तो सुखरूप आला, पण मिनेसोटातली मुलगी करून तिकडेच राहिला. कामावरून निघ असं सिग्नेला कुणी सांगितलं नाही, आणि राहू का असं तिनं विचारलं नाही. नॉर्थ डकोटाच्या आमच्या या भागात माणसं कायम होतात ती अशीच.

छत्तीस मैलांचा फेरा, सतरा घरं, अकरा मुलं. पगार महिना एकशे दहा डॉलर. नवरा पामर गहू पेरायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी गारा तो झोडपून जायच्या. त्यामुळे लोकेनांच्या घरात गव्हाचा भरवसा नव्हता, गाडीचा होता. पण खरं सांगायचं तर सिग्नेला पगाराहून गाडीच प्यारी होती. उणे तीस अंशांतही ती तिचं इंजिन पहिल्या झटक्याला चालू करायची. कुठल्या मुलाला मागच्या बाकावर मळमळतं आणि कुणाची भाकरी कोण खातं, हे तिला आरशात न बघता कळायचं. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे आवडती गोष्ट बोलून दाखवणं म्हणजे चारचौघांत मोजे काढण्यासारखं.

१९५७ साली नोरडालच्या शाळा मंडळाला बास्केटबॉलचा हॉल बांधायची बुद्धी झाली. गावाची वस्ती तीनशे, हॉलमध्ये खुर्च्या सहाशे. वीस वर्षांच्या मुदतीचे कर्जरोखे काढले. ते फेडायचे मंडळाच्या हद्दीतल्या शेतकऱ्यांनी, जमिनीवरच्या शाळापट्टीतून. हॉल झाला. पोरं पूर्वी उघड्यावर हरायची, ती आता छपराखाली हरू लागली.

सगळ्यात जास्त पट्टी एलर्ट हेगलँडला बसायची, कारण सगळ्यात जास्त जमीन त्याची. पश्चिमेकडच्या पट्ट्यात त्याचे एकोणीसशे एकर होते, आणि सिग्नेची गाडी फिरायची तीही त्याच पट्ट्यात. धान्याच्या कोठारावर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात आलं की आपला हा पट्टा नोरडालच्या मंडळातून काढून पलीकडच्या सुंदबीच्या मंडळात घालावा. सुंदबीला हॉल नव्हता, म्हणजे हॉलचं कर्जही नसणार.

सुंदबीचे शाळा अधीक्षक त्याच्याकडे कॉफी प्यायला आले. आम्ही कुणाच्या हद्दीवर डोळा ठेवणारे नव्हे, असं तीनदा सांगून त्यांनी खिशातून नकाशा काढला. गव्हाची जमीन आठ हजार एकर आणि शिकवायची मुलं फक्त अकरा. शाळा चालवणाऱ्याला याहून गोड स्वप्न पडत नाही. तिकडे नोरडालच्या मंडळाचा चौथा हिस्सा कर बुडणार होता. पण त्यांचे अध्यक्षही चर्चच्या पायरीवर म्हणाले, की कुणाला जायचंच असेल तर आम्ही वाटेत येणार नाही. घरी जाऊन ते दोन दिवस जेवले नाहीत म्हणे.

हद्द हलवायची तर अर्ज लागतो, आणि अर्जावर त्या पट्ट्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांच्या सह्या. मतदार एकतीस. ११ जानेवारी १९६२, गुरुवारी सकाळी लेक कारिन गाडीत चढल्यावर एलर्टनं आपल्या फाटकापाशी गाडीच्या खिडकीवर टकटक केलं.

"सिग्ने, तू सगळ्यांच्या दारावरून जातेसच. हा कागद तेवढा फिरवशील का? अडचण असेल तर राहू दे."

अडचण अशी होती, की पट्टा सुंदबीत गेला म्हणजे मुलांना न्यायला सुंदबीची गाडी येणार. त्या गाडीवर अधीक्षकांच्या मेहुण्याला बसवायचं आधीच ठरलं होतं. हे सिग्नेला ठाऊक होतं. एलर्टच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण शाळेची गाडी त्याच्या लेखी सूर्यासारखी होती, सकाळी आपोआप येणारी. पण आमच्याकडे 'अडचण असेल तर राहू दे' म्हटलं की नाही म्हणायची सोय संपते. सिग्नेनं कागद घेतला. पेन त्यानं हातात दिलंच होतं, तेव्हा पहिली सहीही तिचीच झाली.

रात्रीच्या जेवणाला पामरनं कागद वाचला.

"म्हणजे आपली गाडी घालवायचा कागद तू गाडीतूनच फिरवणार."

"एलर्टला नाही कसं म्हणायचं?"

"तोंडानं."

"तू म्हणाला असतास?"

पामर त्या भागात जन्मापासून बावन्न वर्षं राहिलेला. त्यानं बटाट्यांचं भांडं इकडे सरकव म्हटलं.

मुलं शाळेत पोचवून परत येताना सिग्ने एकेका घरी थांबू लागली. रीतीप्रमाणे कॉफी घेतेस का असं घरची बाई विचारी. ही नको म्हणे. पुन्हा विचारलं की पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं की मग अर्धाच कप, आणि तो काठोकाठ भरून येई. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट ठरतो. सगळं खरं बोलणं तिसऱ्या खेपेचं. कागदाचं मात्र तसं झालं नाही. कागद म्हणजे कॉफी नव्हे. शेजारीण दारात घेऊन उभी आहे म्हटल्यावर तिला दोनदा विचारायला लावायचं कसं? शिवाय सिग्नेनं एकदा विचारलं तेच जमिनीकडे बघत. लोकांनी पटापट सह्या केल्या.

हुल्दा तोफ्तेनं तर चष्माही लावला नाही.

"तू आणलायस म्हणजे बरोबरच असेल."

"मी नुसता आणलाय, हुल्दा."

"हो, पण तू आणलायस ना."

सुंदबीवाल्यांनी सिग्नेला नवी कोरी गाडी कबूल केली असणार, असं हुल्दानं मनाशी ठरवून टाकलं. सतरा वर्षं आपली पोरं वाहिली बिचारीनं, तिच्या सुखाच्या आड कशाला या, म्हणून तिनं सही केली आणि शेजारच्या दोघींनाही फोन करून तेच सांगितलं. महिनाअखेर एकतीसपैकी एकतीस सह्या झाल्या. आमच्या पट्ट्यात कुठल्याच गोष्टीवर, अगदी ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनावरही, इतकं एकमत झालं नव्हतं.

शनिवार, १७ फेब्रुवारीला दुपारी दीड वाजता चर्चच्या तळघरात सुनावणी ठेवली. बाहेर उणे एकोणीस अंश होते. सुनावणीला सरकारी अधिकारी आले मिस्टर डोनेली. आयरिश, कॅथलिक, म्हणजे आमच्यातला नव्हे, आणि घाईचा माणूस. दारातच कुणीतरी कॉफी विचारली आणि ते लगेच हो म्हणाले, त्यावरून खोलीनं त्यांना ओळखलं.

त्यांनी कायदा वाचून दाखवला. जमीन एका मंडळातून दुसऱ्यात गेली, तरी जुन्या मंडळाच्या कर्जाचा तिचा वाटा तिच्याबरोबर जातो. म्हणजे हॉलचे रोखे फिटेपर्यंत, १९७७ सालापर्यंत, या पट्ट्यानं नोरडालच्या हॉलसाठी पट्टी भरायचीच. शिवाय ज्या मंडळात गेली त्याच्या कर्जातही तिचा वाटा. सुंदबीनं नोव्हेंबरातच नव्या विटांच्या इमारतीसाठी कर्जरोखे मंजूर केले होते. हे अधीक्षक कॉफी पिताना सांगायला विसरले होते. सरकारकडून मुलामागे मिळणारं अनुदान मुलांबरोबर सुंदबीला जाणार. नोरडालच्या शाळेत उरलेल्या बाकांचा आणि खडूचा हिशेबही आठ हजार एकरांच्या प्रमाणात करून मिळेल, असं डोनेली म्हणाले. थोडक्यात, एलर्टनं एक कर्ज चुकवायला अर्ज केला होता आणि त्याच्या पदरात दोन पडत होती.

एलर्टचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा झाला. पण तो उठला नाही. तीस शेजाऱ्यांनी आपल्यासाठी सह्या केल्या, आता मागे फिरलो तर त्यांचा अपमान, असं त्याच्या मनात. शेजाऱ्यांना वाटत होतं, आता बोललो तर एलर्टचा आणि सिग्नेचा अपमान. सगळे आपापल्या टोप्यांच्या आत बघत बसले.

"कुणाचा विरोध आहे?" डोनेलींनी विचारलं.

पहिल्याच विचारण्याला उत्तर कोण देणार?

"कुणाचाच नाही. ठीक." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सिग्ने मागच्या रांगेत होती. आयुष्यात ती कुठल्या सभेत बोलली नव्हती. तिनं पाहिलं, की पेन कागदाला लागलं की झालं, पुढच्या सप्टेंबरात तीन नंबरची गाडी गॅरेजमध्ये उभी राहणार. ती उठली.

"मिस्टर डोनेली, तुम्ही अजून दोनदा विचाराल का?"

डोनेलींनी चष्म्यावरून पाहिलं. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे तशी पद्धत आहे. कायद्यात तसं काही नाही, असं पुटपुटत त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. बाकं करकरली. कुणीतरी खोकलं. हुल्दा तोफ्तेनं पर्स उघडून बंद केली.

तिसऱ्यांदा विचारलं तरी कुणी बोललं नाही. सगळ्यांच्या माना मात्र हळूहळू मागे, सिग्नेकडे वळल्या. ती उभीच होती, म्हणजे तिलाच काहीतरी म्हणायचं असणार. आणि तिच्यामागे भिंत होती.

"माझा आहे," ती म्हणाली. "कागद मीच फिरवला, पहिली सही माझीच आहे. पण माझा विरोध आहे. पट्टा गेला की माझी गाडी जाते. मला माझी गाडी हवी आहे."

हवी आहे. त्या तळघरात हा शब्द पास्टरसाहेबांनीसुद्धा स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

मग एलर्ट हेगलँड मान न वळवता म्हणाला, "तुझी गाडी जाते? हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस," पामर म्हणाला.

सही मागे घेता येते का, असं सिग्नेनं विचारलं. डोनेली म्हणाले, मी सुनावणी संपवेपर्यंत येते, ज्यानं त्यानं इथे येऊन आपलं नाव आपल्या हातानं खोडायचं. ती गेली आणि पहिलं नाव खोडलं. हुल्दा उठली. मग तिच्यामागचा, मग त्याच्यामागचा. प्रभुभोजनाला वेदीकडे जावं तसे सगळे रांगेनं गेले, कुणी कुणाला ढकललं नाही. टेबलापाशी दोघे तर आधी तुम्ही, आधी तुम्ही करत इतका वेळ थांबले, की डोनेलींनी घड्याळ काढलं. सुंदबीचे अधीक्षक नकाशाची घडी घालत होते. ती काही केल्या नीट बसेना.

शेवटी एलर्ट उठला. त्यानं आपलं नाव इतक्या सावकाश खोडलं, की जणू पेरणीच करत होता. अर्ज निकालात निघाला. पट्टा नोरडालकडेच राहिला, हॉलही राहिला, आणि पुढची पंधरा वर्षं त्याची पट्टीही. डोनेलींच्या दप्तरी नोंद झाली ती अशी: एकतीस अर्जदार, एकतीस विरोधक.

मग कॉफी झाली. हुल्दा कप घेऊन सिग्नेजवळ आली.

"सगळ्यांसमोर 'मला हवी' म्हणालीस तू."

"म्हणाले."

"मी तर समजत होते तुला नवी गाडी मिळणारे." हुल्दानं साखर ढवळली. "बरं झालं. कुणीतरी हावरट असावं लागतं."

सिग्ने कोट घालून बाहेर आली. एलर्ट तिच्या गाडीच्या बॉनेटवरचा बर्फ हातमोज्यानं झाडत होता. तिला पाहून त्यानं हात मागे घेतला.

"सोमवारी वारा सुटेल म्हणतात."

"सुटेल."

"आमच्या फाटकाशी सहा पन्नासलाच ना?"

"सहा पन्नासलाच," सिग्ने म्हणाली, "आणि तुझ्या कारिनला सांग, डबा विसरली तर मी थांबणार नाही."