हरित शाळेतला सत्कार

मला सूड घ्यायचा होता, हे आधीच सांगते. मागाहून कुणी मला सोशिक वगैरे म्हणायला नको.

आमची जुनी शाळा कौलारू. पश्चिमेला चार खिडक्या. दुपारी खाडीवरून वारा सुटला की वह्या फडफडायच्या आणि मी ओरडायचे. मग एका संस्थेने पर्यावरणपूरक शाळा बांधून द्यायचं ठरवलं आणि मांडव्याच्या बोटीने मुंबईचा आर्किटेक्ट आला. पश्चिमेची भिंत सलग, कारण ऊन आत येतं. छप्पर पत्र्याचं, कारण पत्रा पुन्हा वापरता येतो. पंखे नाहीत, कारण वीज वाचवायची. मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे वारा तिकडूनच येतो. खिडक्या ठेवा, बाहेर पडवी काढा, ऊन पडवीतच अडेल." अख्ख्या गावासमोर तो हसला. "बाई, तुम्ही पाढे शिकवा. हे आमच्यावर सोडा."

त्या भिंतीवर मग मोठं हिरवं झाड रंगवलं. साहेबाच्या सहीशिवाय विटेला हात लावायचा नाही, असं करारात होतं. भिंतीत खिडकी पाडू द्या म्हणून मी त्याला तीन अर्ज केले. उत्तर एकाचंही नाही.

मार्चमध्ये वर्गातल्या उकाड्याने पहिलीतल्या एका मुलीचा घोळणा फुटला. पाटीवर रक्त टपटपलं. "बाई, मी काय केलं?" तिने मला विचारलं. माझं डोकंच फिरलं.

आणि बघा योग! एप्रिलमध्ये साहेबाला याच शाळेसाठी बक्षीस मिळालं. फोटो काढायला येतो म्हणाला. म्हटलं, या की, सत्कारच करू! वेळ दुपारी दोनची ठेवली. पोरं सकाळच्या शाळेतून केव्हाच घरी गेली होती.

साहेबाला वर्गात मधोमध बसवलं. फेटा बांधला. शाल घातली, चांगली जाड लोकरीची, मी मुद्दाम निवडून आणलेली. सरपंचांना सांगून ठेवलं होतं, भाषणात घाई करू नका. त्यांनी मुळीच केली नाही.

अर्ध्या तासात साहेब घामाने निथळला. फेट्याचा रंग कपाळावरून ओघळायला लागला.

"पंखा नाही का हो?"

"वीज वाचवतो, साहेब."

"निदान खिडकी तरी..."

"तुमच्या नकाशात नाही."

मग तिन्ही अर्ज त्याच्या मांडीवर ठेवले, वर पेन. मेल्याने एक अक्षर न वाचता तिन्हींवर सही केली.

गवंडी दारातच उभा होता, खिडकीच्या चौकटीचं माप आधीच घेऊन. "बाई, पाडू काय?"

"पाड."

साहेब शाल काढायला गेला. "असू द्या," मी म्हटलं, "सत्कार संपायचाय."

झाडाच्या बुंध्यातच घाव बसले. विटा निघाल्या, हातभर भोक पडलं आणि वारा आत आला. साहेबाने तिकडे तोंड केलं, डोळे मिटले. त्याचं ते सुख मला बघवेना. मी उठले आणि त्या भोकाला पाठ लावून उभी राहिले.

"बसा साहेब," म्हटलं, "माझं भाषण राहिलंय." आणि त्या पोरीच्या पाटीपासून सुरुवात केली.