बादलीला कान लावणारे अंकल

सिंगापूरमध्ये, आंग मो किओला मुलाच्या फ्लॅटसमोर एक चिनी अंकल राहतात. नाव मी कधी विचारलं नाही, मला लाजच फार. रोज सकाळी ते दाराशी बसून एका झाकणबंद बादलीला कान लावायचे. लेकीच्या लग्नात पाजायला त्यांनी पहिल्यांदाच घरी बिअर केली होती, असं सून म्हणाली. झाकणावरच्या नळीत बुडबुडे यायला हवेत, ते येईनात.

चौथ्या दिवशी ते बादली ओतून द्यायला उठले. चेहरा एवढासा. "डेड लाह, आंटी." इथल्या लोकांच्या बोलण्याला हे 'लाह'चं शेपूट असतंच.

वास तर आंबोळीच्या पिठासारखा, छान आंबलेला. मी कधी नव्हे ती पुढे झाले. "थांबा, जिवंत आहे!" मराठीतच ओरडले. झाकणाच्या कडेने ओला हात फिरवला. एका जागी गार फुंकर लागली. हवा तिथूनच पळत होती. घरातून कणकेचा गोळा आणला आणि सगळी कड लिंपून टाकली.

थोड्या वेळाने नळी बोलली, "बुडुक!" अंकल टाळ्या पिटत नाचले. "आंटी, यू डॉक्टर लाह!"

लग्न झालं. अजूनही नवी बादली भरली की ते बेल वाजवतात आणि रिकामा तळहात पुढे करतात. मी आता कणीक मूठभर जास्तच मळते.